मंगळवारी आजोबा कुठे होते?

भटक्याकडे रहिवासाचा पुरावा मागावा, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायलाच हवी.

महाराष्ट्रात विमुक्त जाती-भटक्या जमातीचा दाखला काढायचा, तर आपलं कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ रोजी याच राज्यात राहत होतं हे अर्जदारानं दाखवायचं असतं. त्या दिवशी मंगळवार होता. पालावर वाढलेला, दहावी पास झालेला पोरगा गुणपत्रक घेऊन खिडकीशी उभा राहतो आणि आतले साहेब त्याला पासष्ट वर्षं मागच्या त्या मंगळवारात नेऊन सोडतात. आजोबा कुठे होते? आता काय सांगणार! गाढवावर बिऱ्हाड लादून दोन गावांच्या मधे कुठेतरी असतील. फाल्गुन असता तर मढीच्या यात्रेत होते म्हणून छातीठोक सांगता आलं असतं, गाढवांच्या बाजारातले चार म्हातारे साक्षीलाही मिळाले असते. पण शासनानं नेमका नोव्हेंबर धरला. सातबारा आहे? जमीनच नाही. घरपट्टीची पावती? पालाला घरपट्टी नसते. आजोबांच्या जन्माची नोंद? जन्म वेशीबाहेर झाला आणि तिसऱ्या दिवशी पाटलानं तळ उठवायला लावला. नोंद कोण करणार? साहेब फारसे रागावत नाहीत. अर्जावर ‘त्रुटी’ लिहितात आणि पुढच्याला बोलावतात.

कागद नसतील तर गृहचौकशी करून दाखला द्यावा, अशी दयाळू सोयही आहे. तलाठी सवडीनं पोचतो तोवर पाल उठलेलं असतं. अहवाल जातो : अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही. माणूस भटका आहे याचा याहून पक्का पुरावा कोणता असू शकतो? पण फाइल बंद होते ती त्याच अहवालावर.

आता खरी गंमत. यातल्या विमुक्तांचे कागद होते, आणि ते सरकारजवळच होते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा उत्तरेत आणला, १९११ साली तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू करता येईल असा केला. जमातच गुन्हेगार, पोर जन्मलं की तेही. वहीत नाव, वहीत बोटांचे ठसे, ठाण्यात हजेरी, दुसऱ्या गावी जायचं तर पास. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अख्खी कुटुंबं कोंडली आणि गिरण्यांना कामगार पुरवले. त्या वस्तीला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. असा चोख रहिवासाचा पुरावा तेव्हा इनामदाराजवळही नसेल. मुंबई प्रांतानं हा कायदा १९४९ साली रद्द केला, देशानं ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे तोवर आजोबा रोज कुठे असतात हे सरकार स्वतःच्या हातानं लिहून ठेवत होतं. मग हजेरी थांबवली, आणि देशभर ती थांबल्यावर नऊ वर्षांनी आलेला एक मंगळवार पुराव्यासाठी मुक्रर केला.

सरकारनं आपलेच कागद वापरायचे ठरवलं तर काय होतं, तेही पाहा. अमेरिकेनं १९४२ पासून जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना छावण्यांत डांबलं. १९८८ च्या कायद्यानं माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर देऊ केले. माणसं सरकारनं शोधायची, अर्ज मागायचा नाही, आपल्याच दप्तरातल्या नोंदी वापरायच्या आणि सर्वांत म्हाताऱ्याला आधी द्यायचं, असं त्या कायद्यातच लिहिलं होतं. ८२ हजारांवर लोकांना पैसे पोचले. आरती ओवाळायची गरज नाही. तोवर चार दशकं उलटली होती आणि कायद्याआधी जे गेले त्यांच्या वाट्याला काही आलं नाही. पण निदान त्यांच्या आजोबांचा मंगळवार कुणी विचारला नाही.

इथे तर एकच मंगळवार असता तरी बरं. कैकाडी बहुतेक विदर्भात अनुसूचित जातीत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. हद्दीच्या अलीकडचा चुलता १९६१ चा कागद शोधतो, पलीकडचा १० ऑगस्ट १९५० चा. टोपल्या दोघेही सारख्याच विणतात.

आणि हे सगळं कशासाठी? विमुक्त-भटक्यांच्या अ, ब, क, ड या गटांना मिळून ११ टक्के आरक्षण आहे, त्याच्या दारापर्यंत पोचण्यासाठी. बाकी प्रायश्चित्त काय घेतलं ते पाहावं. जुना कायदा गेला आणि १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा नवा आला. त्याच साली भीक मागण्याविरुद्धचा कायदा आला. त्यात रस्त्यावर गाणं, नाचणं, खेळ करणं, भविष्य सांगणं हीसुद्धा भीक ठरली. डोंबाऱ्याच्या दोरीपासून नंदीवाल्याच्या गुबुगुबूपर्यंत सगळं त्यात बसवता येतं. १९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला, दरवेशाचं अस्वल आणि गारुड्याचा नाग गेला. अस्वलाच्या पुनर्वसनाची सोय झाली, हे मान्य केलं पाहिजे. दरवेशानं उद्या काय खायचं, हे मात्र त्या कायद्यात लिहिलेलं नाही.

गावात घरफोडी झाली की रात्री दोन वाजता जीप बरोबर त्याच पालासमोर येऊन थांबते. तलाठ्याला दिवसाउजेडी न सापडलेला पत्ता तिला अंधारात सापडतो. वंशावळ लागत नाही, दोन साक्षीदार लागत नाहीत, १९६१ ची तर आठवणही कुणाला होत नाही. तेव्हा गृहचौकशीला निघणाऱ्या तलाठ्यानं एसटीची वाट पाहू नये. त्याच जीपमध्ये मागच्या बाकावर बसावं, आणि शिक्का सोबत ठेवावा.