जिताड्याला प्रवेश नाही

अलिबागच्या पोरांना मासे दाखवायचे असतील तर रीत ठरलेली आहे. घरातून निघावं, समुद्राकडे पाठ करावी आणि मैदानावरच्या तंबूपुढे रांगेत उभं राहावं. सुट्ट्या लागल्या की गावोगावी असे 'अंडरवॉटर टनेल' उभे राहतात. बाहेर आकाशपाळणा, आत बोगदा. एरवी बोगद्यात पाणी गळलं की आपण ठेकेदाराच्या नावानं बोंब मारतो; इथे डोक्यावर पाणीच पाणी असावं म्हणून पैसे मोजतो.

पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागे. चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालं. मांडव्याहून लाँचनं निघालेलं कुटुंब वाटेत सीगलना वेफर्स चारत, "वाकू नकोस, पडशील" असं पोरांना दटावत, अख्खा समुद्र ओलांडून काचेतला समुद्र बघायला जाई. २०१५ साली मत्स्यालयाचं नूतनीकरण झालं. पुढे इमारतच धोकादायक ठरली आणि दारं बंद झाली. पाण्याखाली राहण्याचा अनुभव माशांना आहे, इमारत उभी ठेवण्याचा आपल्याला नाही.

तर तंबू. आत शिरताच धाकटा ओरडतो, "बाबा, निमो!" बाबा मोबाइल काढतात, आई धाकट्याचा हात काचेवरून काढते. आजीचा दृष्टिकोन मात्र शुद्ध अर्थशास्त्रीय. "ह्यो खातात का? नाय? मंग ठेवलाय कशाला?"

तिला कोण सांगणार की हे पाहुणे खाण्याचे नव्हेत, भरभराटीचे आहेत! कपाळावर टेंगूळ आलेला तो फ्लॉवरहॉर्न माणसानंच संकर करून घडवला. त्याला ना समुद्र ना नदी, पण घरात ठेवला की लक्ष्मी येते म्हणे. विकणाऱ्याच्या घरी येते, एवढं खरं.

मग माइकवरून आश्चर्य जाहीर होतं : निमो, म्हणजे क्लाउनफिश, जन्मतः नर असतो आणि पुढे मादी होऊ शकतो. टाळ्या. आजी विचारते, "आन् आपला जिताडा कुठं हाय?" पोरं हसतात. हसू नये. जिताडाही आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. खाडी आणि समुद्र दोन्हीकडे त्याचा वावर, खारेपाटातल्या तळ्यांतही तो वाढतो. पण त्याला ना पट्टे, ना सिनेमा. त्याची चौकशी होते ती फक्त पाहुणे येणार असले की.

खाडीच्या चिखलातल्या निवटीची तीच गत. मासा असून ती कल्ल्यांच्या जवळच्या परांवर चालते, ओल्या कातडीतून श्वास घेते. हीच निवटी परदेशातून काचेच्या पेटीत आली असती तर तिला वेगळं तिकीट लागलं असतं. इथे तिच्या चिखलावर भराव पडतो आणि त्यावर 'सी व्ह्यू' बंगल्याची पाटी लागते.

पापलेटचं नशीब त्यातल्या त्यात थोर. २०२३ साली राज्य सरकारनं त्याला राज्यमासा केलं. ठरावीक लांबीहून लहान पापलेट धरू नये असा नियमही आहे. ताटात आलेल्या राज्यमाशाची लांबी मात्र कुणी मोजत नाही. रव्यात सगळेच सारखे दिसतात.

म्हणजे आमच्या पोरांना मासा दोनच ठिकाणी भेटतो, काचेमागे आणि तव्यावर. मधला जिवंत समुद्र अभ्यासक्रमाबाहेर.

तेव्हा पालकहो, एवढं करा. येत्या ओहोटीला कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर टांग्यातून खाली उतरा. खडकांतल्या डबक्यांत शंखाचं घर पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे पोरांना दाखवा. उचललेला दगड होता तसा ठेवा, शंख खिशात घालू नका आणि भरतीची वेळ आधी कोळ्यांना विचारून घ्या. तिकीट लागत नाही. तेवढ्यासाठी जाणं टाळू नका.