मोरीचा ग्लो

हल्लीच्या फेसवॉशमध्ये काय नसतं? कडुनिंब, हळद, कोळसा, काकडी, पपई, संत्र्याची साल, ग्रीन टी, व्हिटॅमिन सी आणि हौस असेल तर सोन्याचे कणसुद्धा. हे सगळं वैभव आपण ओल्या तोंडावर चोळतो, वीस-पंचवीस सेकंद आरशात स्वतःला न्याहाळतो आणि दोन हबके मारून मोरीत सोडून देतो. व्हिटॅमिन सी गालाची नीट ओळख करून घेईपर्यंत जाळीतून खाली गेलेलं असतं. आपल्याकडच्या मोऱ्यांचे पाइप आतून किती नितळ, उजळ आणि डागविरहित झाले असतील, याची एकदा सरकारी पाहणी व्हायला हवी. तुंबलेली मोरी काढायला येणारा माणूस वेगळं सांगतो. पण त्याला सौंदर्यदृष्टी नाही.

या बाजाराचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे तेलकट चेहरा. बारा ते चोवीस या वयात शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी जणांना कमी-जास्त पिंपल्स येतातच. त्यामुळे गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही, ते दहावीच्या वर्गात आयतं बसलेलं असतं. पिंपल येतो तो आतून. वयात येताना संप्रेरकं तैलग्रंथींना ओव्हरटाइमला लावतात, रंध्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं, मागे तेल तुंबतं आणि तिथे आधीपासून मुक्कामाला असलेले जीवाणू माजतात. ब्लॅकहेडचा काळा ठिपकाही मळाचा नसतो. बुचातलं रंगद्रव्य आणि हवा यांचा तो उद्योग. घरातलं निदान मात्र ठरलेलं: “तोंड धुवायला नको कार्ट्याला!”

मग कार्टं धुतं. सकाळी, क्लासहून आल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर, शिवाय रात्री एकदा अंगाच्या साबणाने, चेहरा करकर वाजेपर्यंत. त्वचेचा पीएच पाचाच्या आसपास असतो, साध्या साबणाचा नऊ-दहा. चेहरा सोलवटतो, चुरचुरतो, लाल होतो. आता खानदान मैदानात उतरतं. आजी डाळीचं पीठ सुचवते, काकू हळद, मावशी लिंबू पिळायला सांगते. तेल चेहऱ्यावर आहेच. भज्यांचा घाणा काढायला फक्त गॅस पेटवायचा बाकी राहतो. हॉस्टेलवरचा मित्र टूथपेस्ट लावायला सांगतो, कारण त्याच्या खोलीत तेवढंच असतं.

शहाणी माणसं यातून मार्ग काढतात. ती ट्यूबची मागची बाजू वाचतात. घटक उतरत्या प्रमाणात छापायचे असतात, म्हणून पहिला नंबर पाण्याचा. समोर कडुनिंबाची अख्खी फांदी डोलत असते. मागे त्याचा अर्क सुगंधाच्याही पाठीमागे अंग चोरून उभा. एक टक्क्याच्या खाली तर क्रमाचंही बंधन नाही, तेव्हा आपण आत नेमके किती आहोत हे त्या कडुनिंबालाच ठाऊक. ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’ म्हणजे परीक्षा झाली. निकाल छापायची सक्ती नाही. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ म्हणजे रंध्रं न बुजवणारं. याची जुनी प्रसिद्ध चाचणी सशाच्या कानावर होत असे. ज्यांना पिंपल्स सशाच्या कानावर येतात, त्यांनी निर्धास्त वापरावं.

पुरुषांसाठी वेगळी ट्यूब असते. ती काळी असते आणि तिच्यावर वीज चमकते. मागची यादी बहीण वापरते त्या ट्यूबसारखीच निघाली तरी बहिणीचं नको, कारण त्यावर फूल आहे.

आता यात खरंच कामाचं काय, तर फार थोडं. साबण नसलेला सौम्य फेसवॉश, दिवसातून दोनदा, वर घाम आला तर आणखी एकदा. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं म्हणून रंध्रात शिरतं. दोन टक्क्यांपर्यंत पुरतं. बेंझॉइल पेरॉक्साइड जीवाणू मारतं आणि जाता जाता आईचे रंगीत टॉवेलही पांढरे करतं. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. जाहिरात तीस सेकंदांची. त्यात सोमवारी पिंपल, रविवारी मैत्रिणीचं लग्न आणि मधे नोकरीही लागायची असते. आठ आठवडे कुठे बसवणार? शिवाय प्रसाधनाला रोग बरा करण्याचं वचन देता येत नाही, म्हणून ‘कमी दिसण्यास मदत’ अशी नम्र भाषा. औषध कुठलं नि प्रसाधन कुठलं, हा वाद आपल्या विको टर्मरिकने अबकारी खात्याशी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि औषध म्हणून जिंकला. हळदीला इतका मान लग्नातही मिळत नाही.

आठ आठवडे थांबतो कोण? गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातं. तिथे न विचारता एक छोटी ट्यूब पुढे येते: “हे लावा, चार दिवसांत क्लिअर.” आणि होतंही. आत स्टेरॉइड, त्याच्या सोबतीला बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, म्हणजे रोग कुठलाही असो. काही महिन्यांनी चेहरा लाल, कातडी पातळ, नको तिथे लव, आणि पिंपल्स पूर्वीपेक्षा जोरात. ट्यूब बंद केली की आग होते, म्हणून पुन्हा ट्यूब. त्वचारोगतज्ज्ञांना या चेहऱ्यासाठी ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं स्वतंत्र नाव ठेवावं लागलं. 2018 मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तिचं पालनही होतं. चिठ्ठी असतेच; ‘रात्री झोपताना’ असं मेडिकलवाला पाकिटावर स्वतःच्या हाताने लिहून देतो.