सिंहाचं मांजर

लंडनला आल्यावर लोक घर घेतात, गाडी घेतात. मी डब्या घेतल्या. चांदीच्या, इंग्रजी, पावणेदोनशे-दोनशे वर्षांच्या आणि आगपेटीहून लहान. पोर्टोबेलो रोडच्या शनिवारच्या बाजारात मी डोळ्याला भिंग लावून डब्यांची बुडं न्याहाळत उभा असतो.

पहिली डबी घरी आणली तेव्हा बायकोने विचारलं, "हिला काय म्हणतात?"

"व्हिनेग्रेट."

"सॅलडवर घालायचं?"

सॅलडवर नव्हे, नाकाखाली धरायचं. झाकण उघडलं की आत नक्षीची जाळी आणि जाळीखाली सुगंधी व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्पंज. रस्त्यात दुर्गंधी आली किंवा घेरी आली, की बाईसाहेब ही हुंगायच्या. आतला सोन्याचा मुलामा थाटासाठी नाही. आंबटाने चांदी खाऊ नये म्हणून. आपण ताक कळकू नये म्हणून पितळेला कल्हई लावतो, तसंच.

"म्हणजे फोडलेला कांदा," ती म्हणाली. "केवढ्याला?"

"एकशे ऐंशी पौंड."

यावर तिलाच कांदा लागला असता. मी घाईघाईने भिंग पुढे करून डबीवरचे ठसे दाखवले. हा चालता सिंह, म्हणजे चांदी 92.5 टक्के. हे अक्षर वर्षाचं. हे राणीचं मुंडकं, म्हणजे कर भरलाय. हा नांगर बर्मिंगहॅमचा.

"बर्मिंगहॅमला समुद्र आहे?"

नाही. पण 1773 साली मॅथ्यू बोल्टनच्या खटपटीने त्या गावाला चांदी पारखण्याची कचेरी मिळाली. त्यासाठीच्या बैठका लंडनच्या 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत झाल्या म्हणे. त्या नावातला मुकुट शेफील्ड गावाने आपल्या ठशासाठी उचलला, बर्मिंगहॅमच्या वाट्याला नांगर आला. नखाएवढ्या जागेत इतका तपशील आमच्या गावच्या सातबाऱ्यावरही सापडायचा नाही! (आमचा दावा अजून चालू आहे.)

दिवाळीला आई आली. एका संध्याकाळी कामावरून परतलो, तर डबी देव्हाऱ्यातल्या निरांजनाशेजारी लखलखत होती.

"काळी पडलेली वस्तू गळ्यात मारली रे तुझ्या," आई म्हणाली. "तीन दिवस दंतमंजनाने घासतेय."

मी भिंग काढलं. राणीचं नाक गेलं होतं. सिंहाचं मांजर झालं होतं. नांगर तेवढा ठाम होता.

"आणि रिकामी कशाला ठेवायची?" आईने झाकण उघडलं. "हिंगाचा खडा ठेवलाय. जाळीतून वास काय छान येतो बघ!"