चालतंय की!

लखनौच्या चौकातल्या सराफ्यात गलाईवाले मामा हमखास भेटतात. मूळचे विटा, खानापूर, आटपाडीकडचे. दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि परमुलखातल्या सोन्यानं पोटाला लावलं. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबानं हीण काढायचं, चोख सोनं हातावर ठेवायचं. भट्टीतल्या रसाचा रंग पाहून मामा भेसळ सांगतात. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन, जाळून, धुऊन त्यातला कण न् कण काढतात.

अशा माणसाचा सगळा हिशेब मात्र एकाच हार्ड डिस्कवर असतो. दुसरी प्रत? "कशाला? चालतंय की!"

एके दिवशी कॅबिनेटमधून 'टक्, टक्' सुरू होतं. मामांना वाटतं पाल चुकचुकली. ते बोटानं टेबलावर टकटक करून "कृष्ण, कृष्ण" म्हणतात. शंकेची पाल मात्र मनात चुकचुकत नाही. उलट, "यंदा भाव चढणार" म्हणताना आवाज आला, तर तो शुभशकून ठरतो.

दुकानात भाचा असतो. तो समजावतो, "मामा, आतली ताटली सेकंदाला १२० वेळा फिरते. वाचणारं हेड तिच्यावर केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगतं. त्याला जागा सापडेना की ते मागं येतं, परत जातं. तोच हा आवाज."

"वाजतीया म्हंजे जित्ती हाय."

मग फाइल उघडायला चहा येऊन संपेपर्यंतचा वेळ लागू लागतो. मामा टेबलफॅन कॅबिनेटकडे वळवतात, खंडेनवमीला वाहिलेली झेंडूची फुलं तशीच राहू देतात आणि वर एक चापट मारतात. भाच्याचा जीव वरखाली होतो. तो गूगलच्या संशोधकांचा २००७ सालचा अभ्यास काढतो. लाखाहून जास्त डिस्क तपासलेल्या. ताटलीच्या तपासणीत पहिला दोष सापडला की पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याचा धोका ३९ पट. प्रामाणिक पोरगं पुढचंही वाचतं. बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांच्या स्वतःच्या नोंदीत धोक्याची एकही खूण नव्हती.

"म्हंजे न सांगताबी मरत्यात! मग हिच्या सांगण्याचं काय एवढं?"

याला उत्तर नसतं. असे लोक आकडेवारीतूनही आपल्या सोयीचं सोनं गाळून घेतात.

नाइलाजानं नाझा मार्केटातला कारागीर बोलावला जातो. तो खरं तेच सांगतो, पण लखनवी अदबीनं, "हुज़ूर, डिस्क की तबीयत ज़रा नासाज़ है." मामा ऐकतात, सर्दी झालीय. पुण्यातला असता तर "ही गेली, पैसे काढा" म्हणाला असता आणि काम झालं असतं.

मामांना अखेर जाग येते ती उधारीवाल्यांमुळे. बातमी गल्लीत फुटलेली असते. वर्षानुवर्षं तोंड चुकवणारे आता पायऱ्या चढून येतात, पान पुढे करतात, विचारतात, "मामा, मशीन कैसी है? सुना है, कुछ बचेगा नहीं?" एवढी आपुलकी पाहून मामांच्या कपाळाला घाम फुटतो. नोंदच गेली तर सोनं कुणाकडे मागायचं! डिस्कची टकटक कळली नाही, पण ऋणकोची काळजी बरोबर कळते. माणूस शेवटी सराफ्यातला.

आता घाई मामांना. भाचा बजावतो, सारखं बंद-चालू करू नका, दुरुस्तीचा प्रोग्रॅम लावू नका, हिचे उरलेले श्वास फक्त नकला काढण्यात जाऊ द्यात. आधी काय? लेकीच्या लग्नाची चित्रफीत, असं मामी म्हणतात. "आधी उधारी!" असं मामा म्हणतात. टॅलीची खाती निघतात, मग जीएसटीची बिलं, मग नवरदेव मंडपाच्या दारापर्यंत येतो आणि डिस्क थांबते. मामी दोन दिवस अबोला धरतात.

नव्या दोन डिस्क येतात. एक दुकानात, दुसरी घरी, गोदरेजच्या कपाटात दागिन्यांशेजारी. भाव करताना मामा कारागिराला जेरीस आणतात तो भाग वेगळा. त्या धांदलीत भाचा जुनी डिस्क टोपलीत टाकायला निघतो.

"थांब." मामा ती तागडीत ठेवतात, वजन घेतात, पाठीवरच्या पिवळ्या टिकल्यांवरून अंगठा फिरवतात. "ह्यो मुलामा सोन्याचा हाय का रं?"

ताटल्यांच्या थरात प्लॅटिनमचाही अंश असतो, हे त्यांना कुणी सांगू नये.