अर्जशास्त्र प्रवेशिका: बारावीनंतरच्या शिष्यवृत्तीसाठी

शिष्यवृत्ती म्हणजे शिक्षणाचा खर्च न झेपणाऱ्या विद्यार्थ्याला शासनाकडून मिळणारे अर्थसाहाय्य. त्यासाठी गरिबी आवश्यक असते, पण पुरेशी नसते; ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी असावी लागते. सहीशिक्का नसलेली गरिबी ही कुटुंबाची खाजगी बाब समजली जाते.

महाराष्ट्रात दहावीनंतरच्या बहुतेक शासकीय शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या पोर्टलवर भरले जातात. पूर्वी विद्यार्थ्याला पाच कार्यालयांत पाच खेटे घालावे लागत. आता अर्ज घरबसल्या करता येतो आणि कागदपत्रांसाठी तेवढे बाहेर पडावे लागते.

अर्जाची तयारी कधी सुरू करावी, याबाबत मतभेद आहेत. भोळ्या पालकांच्या मते बारावीचा निकाल लागल्यावर. अनुभवी पालक जात वैधता प्रमाणपत्राच्या प्रस्तावासाठी अकरावीतच धावपळ सुरू करतात. शास्त्रशुद्ध उत्तर मात्र असे, की तयारी अर्जदाराच्या आजोबांनी सुरू करायला हवी होती. वैधतेसाठी मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. तेव्हा या तारखेआधी शाळेत नाव घातलेले आजोबा असणे केव्हाही श्रेयस्कर. त्यांनी पुढे मास्तरांच्या छडीला भिऊन दोन महिन्यांत शाळा सोडली असली तरी हरकत नाही. जनरल रजिस्टरात जातीसह नाव चढले म्हणजे त्यांचे शैक्षणिक कार्य पूर्ण झाले. शाळेचे तोंडच न पाहिलेल्या आजोबांसाठी कोतवाल बुकातली जन्माची नोंद शोधतात. ती मोडीत असते. आईकडचे आजोबा हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले असले तरी या कामी त्यांचा उपयोग नाही, कारण पुरावा वडिलांच्या बाजूचाच चालतो.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सख्ख्या चुलत्याचे वैधता प्रमाणपत्र जोडणे. चुलत्याशी बांधावरून बोलणे बंद असल्यास हा मार्ग तूर्त बंद राहतो. म्हणून पाल्य दहावीत असतानाच वडिलांनी बांधाचा वाद मिटवावा. वाद दिवाणी न्यायालयात असेल, तर धाकट्या पाल्याचा विचार करावा.

यानंतर उत्पन्नाचा दाखला. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी आठ लाखांच्या आत. येथे लक्षात घ्यावे, की मराठी कुटुंबाला एकच एक उत्पन्न नसते. केशरी शिधापत्रिकेवर ते एक लाखाच्या आत असते. घरकर्जाच्या अर्जात ते बँकेला हप्त्याची खात्री पटेल इतके होते. थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या बायोडाटात ते शिखर गाठते. शिवाय बागायत वेगळी. यांपैकी कोणता आकडा कोठे द्यावा याचे तारतम्य अर्जदाराने बाळगावे आणि बायोडाटाची प्रत चुकूनही तहसील कार्यालयात नेऊ नये. ज्या वर्षी कांदा काढणीच्या मजुरीलाही महाग होतो, त्या वर्षी शेतकऱ्याचे उत्पन्न खरे तर शून्याच्याही खाली असते, पण दाखल्यावर उणे रक्कम लिहिण्याची पद्धत नाही.

दाखल्यावर सही तहसीलदारांची असली, तरी आकड्याचा उगम तलाठ्याच्या अहवालात असतो. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, मात्र त्या नावाने विचारल्यास गावात कोणी पत्ता सांगत नाही. लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली आला आणि प्रत्येक दाखल्याला मुदत ठरली. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पंधरा दिवसांची आहे. हे दिवस अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात, आणि सर्व्हर चालू असल्याखेरीज अर्ज दाखल होत नाही.

अधिवास प्रमाणपत्र, नॉन क्रीमिलेयर, शाळा सोडल्याचा दाखला आणि शिधापत्रिका हे किरकोळ कागद आहेत. ते किरकोळ वेळात काढावेत. नीटसाठी एक वर्ष घरी बसलेल्याने शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र जोडावे. त्यात अभ्यास केल्याचे लिहावे लागते, सिद्ध करावे लागत नाही.

आता नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात. आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी. बँकेच्या पासबुकात वडिलांचे नाव आद्याक्षरावर आटोपलेले असते. एकाच मुलीची ही तीन रूपे पोर्टलला तीन मुली वाटू शकतात. त्यातच आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक ‘ए’ आणि दुसरीकडे दोन असतील, तर आधी आधार केंद्राची रांग धरावी. मराठीच्या पेपरात शुद्धलेखनाला अर्धा गुण जातो. इथे वर्षाची फी जाते.

ही पूर्वतयारी झाल्यावर अर्जदाराने पोर्टलवर प्रवेश करावा. ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. हा मोबाइल वडिलांच्या खिशात, वडील शेतात आणि शेतात रेंज नसते. ओटीपीची मुदत संपण्यापूर्वी वडिलांना विहिरीच्या कठड्यावर चढवण्याची जबाबदारी घरातल्या धाकट्यावर सोपवावी. त्यानंतर कागदपत्रे चढवायची. प्रत्येक फाइल २५६ केबीच्या आत हवी, आणि मोबाइलवर काढलेला फोटो काही एमबींचा असतो. कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला ती नेमकी मर्यादेत दाबून देतो. या प्रक्रियेत तहसीलदारांच्या गोल शिक्क्याचा निळा ठिपका होतो. यथावकाश ‘कागदपत्र अस्पष्ट’ असा शेरा मारून अर्ज परत येतो आणि झेरॉक्सवाल्याचा दुसऱ्या फेरीचा व्यवसाय होतो.

योजना निवडताना शीर्षकावर जाऊ नये. थोर पुरुषांची नावे सर्वच योजनांना आहेत. अटी वाचाव्यात. शाहू महाराजांच्या योजनेत शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलते आणि कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो. तिसऱ्या अपत्याने जन्मक्रमाचा विचार वेळीच करायला हवा होता. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. निर्णय खरोखर मोठा आहे, आणि त्याने अनेक घरांतला ‘आधी मुलाचं बघू’ हा युक्तिवाद लंगडा केला. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला हवा. शिवाय कॉलेजच्या पावतीवर ‘इतर’ नावाचे एक शुल्क असते, त्याला कोणतीही सवलत लागू होत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. भाडेकरार करून देणारा घरमालक त्याने स्वतः शोधायचा. असा घरमालक सापडणे हीच एक गुणवत्ता परीक्षा आहे.

तुलनेसाठी एक जुने उदाहरण. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानच्या नोकरीचा करार करून घेतला. तेव्हा पोर्टल नसल्यामुळे अर्जदाराची गुणवत्ता पाहावी लागत असे.

दाखल झालेला अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, मग संबंधित विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे जातो. लिपिक ही यातली निर्णायक पायरी होय. त्यांना ‘साहेब’ म्हणावे, बाईंना ‘मॅडम’. ‘काका’ किंवा ‘मावशी’ म्हटल्यास अर्ज तळाशी जातो असे जाणकार सांगतात. शेवटच्या तारखेची धास्ती घेऊ नये, तिला सहसा मुदतवाढ मिळते. पण मिळणारच असे धरून चालणाऱ्याच्या वर्षी ती मिळत नाही.

मंजूर रक्कम आधारशी संलग्न खात्यात येते. खाते बँकेत असणे, त्याची केवायसी होणे आणि ते एनपीसीआयच्या यादीत आधारशी जोडलेले असणे या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे पैसे न आल्यावर कळते. पैसे सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्याकडे वळतात. त्यामुळे अर्जात जिल्हा बँकेचा क्रमांक असूनही रक्कम भलत्याच खात्यात आढळू शकते, जे अर्जदाराने आठवडी बाजारात छत्रीखाली बसलेल्या माणसाकडे अंगठा देऊन उघडले आणि विसरून गेला. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो. त्यातली फी कॉलेजची असते. बँकेचा संदेश मात्र वडिलांच्या मोबाइलवर येतो, आणि खताच्या दुकानाची उधारी, मोटरची दुरुस्ती व कॉलेजची फी यांचा क्रम घरात नव्याने ठरतो. संदेश आल्या दिवशीच फी भरून पावती घ्यावी, हा या प्रवेशिकेतला एकमेव सल्ला विनोदाने घेऊ नये.

दुसऱ्या वर्षी नव्याने अर्ज करायचा नसून नूतनीकरण करायचे असते. त्यासाठी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका जोडावी लागते. ती विद्यापीठाकडून वेळेत आली नसेल, तर मुदतवाढीची वाट पाहावी. वैधता प्रमाणपत्र मात्र एकदाच काढावे लागते. ते प्लास्टिकमध्ये घालून लोखंडी कपाटात ठेवावे आणि चुलत्याच्या मुलांनी मागितल्यास प्रत द्यावी. बांधाचे नंतर बघता येते.