पावती मागणाऱ्या काकूंचा जाहीर निषेध

दानशूर पुणेकरांनो, अत्यंत जड अंतःकरणाने आणि हलक्या पेटीने हे निवेदन काढत आहोत.

सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला पूर आला, माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली, तेव्हा सर्वांत आधी रस्त्यावर उतरलं ते आमचं मंडळ. सकाळी पाणी शिरलं, दुपारी आमचा फ्लेक्स लागला. कोपऱ्यात एक पूरग्रस्त म्हैस, उरलेल्या जागेत बत्तीस कार्यकर्ते. क्यूआर कोड अध्यक्षांच्या मेहुण्यांच्या खात्याचा, कारण मंडळाचं खातं उघडायचं तर पॅन कार्डापासून सुरुवात. पूर थांबतो थोडाच!

सगळं सुरळीत चाललेलं असताना दुसऱ्या मजल्यावरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या काकू खाली आल्या. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक काय? गणपतीत घेता तशी कलम ४१ क खालची परवानगी घेतली का? आम्ही म्हणालो, ‘काकू, लोक छपरावर बसलेत आणि तुम्ही कलमं काढताय!’ (हे वाक्य सहसा वाया जात नाही.) काकू ढिम्म. ८०जी आहे का? म्हटलं, आहे की, पावतीवर छापलंय. ‘मग दहा बीई प्रमाणपत्रही द्याल ना? देणगीदारांचं विवरण आयकर खात्याच्या पोर्टलवर भरलंत की तिथूनच निघतं.’ आम्ही छापखान्यात विचारून आलो. ते करून मिळत नाही.

‘रोख दोन हजारांच्या वर करसवलत नाही, म्हणून चेक देते. कुणाच्या नावे लिहू?’

इथे मेहुण्यांनी चहा मागवला.

लोकांना हा संशयाचा रोग २०२० साली जडला. ‘पीएम केअर्स’च्या यूपीआय पत्त्यातला एक ‘एस’ गाळून कुणा भामट्याने नकली पत्ता काढला, दिल्ली पोलिसांनी तो हुडकला. एका अक्षराच्या काटकसरीवरून केवढा गहजब! आमच्या कोडवर निदान मेहुण्यांचं नाव पूर्ण येतं. २०१९च्या महापुरात धान्याच्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो लावले म्हणून अशीच ओरड झाली होती. त्यातून आम्ही धडा घेतला. आम्ही पिशवीच ठेवली नाही.

पहिल्या मजल्यावरच्या नानांबद्दल मात्र आमची तक्रार नाही. ‘सगळे चोर’ म्हणून ते कुणालाच दमडी देत नाहीत. वर्षानुवर्षं खपणाऱ्या संस्थांना आणि आम्हाला ते एकाच मापाने मोजतात, हा सन्मान आम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार?

काकूंनी अखेर चेक दिला तो भलत्यालाच. म्हणे, ती संस्था पुराआधीपासून त्या भागात आहे, दरवर्षी लेखापरीक्षण करून घेते, आणि काय हवंय ते गावात विचारून मगच पाठवते. गावाने मागितलं काय, तर गुरांना चारा आणि गाळ उपसायला फावडी. चाऱ्यासोबत फोटो तरी कसा काढावा माणसाने? संस्थेचा फ्लेक्स आम्ही चौकाचौकात शोधला. एकही नाही!

पुढच्या आपत्तीची तयारी सुरू आहे. मेहुणे रीतसर ट्रस्ट नोंदवताहेत, विश्वस्त घरातलेच मिळाले, म्हैस आहे तीच ठेवू. खजिनदारपद काकूंना द्यावं, असं बैठकीत एकाने सुचवलं होतं. तो कार्यकर्ता सध्या मंडळात नाही.