सोळा आणे

नवे यंत्र घेण्याची ऐपत असूनही जुन्यातच भर घालून निभावण्यात ज्यांना पुरुषार्थ वाटतो, अशा निवृत्त गृहस्थांचा एक संप्रदाय परभणीत नांदतो, आणि वसमत रस्त्यालगतच्या आमच्या गल्लीतले पेशकारसाहेब हे त्याचे पीठाधीश होत. हयात तहसील कचेरीत गेल्यामुळे ‘दाखल’ आणि ‘खारीज’ यांपलीकडे वस्तूची तिसरी अवस्था ते मानीत नाहीत. त्यांचा संगणक पेंटियम तीनच्या जमान्यातला. त्यात इंटेलचा १९९८ सालचा ४४०बीएक्स चिपसेट आणि रॅम अवघी ६४ एमबी. तो सुरू करून चहा टाकावा, चहा पिऊन कपबशी विसळावी, आणि मग कुठे पडदा उजळावा, असा त्याचा शिरस्ता.

भाच्याने हैदराबादेहून २५६ एमबीची पट्टी आणली, तेव्हा बेरीज ३२० व्हावी असा साहेबांचा रास्त हिशेब होता. पण काळ्या पडद्यावरचा आकडा १९६६०८ वर, म्हणजे १९२ एमबीवरच अडला. पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले, खाचा बदलल्या, तरी आकडा हलेना.

“निम्मं क्षेत्र सातबाऱ्यावर चढलंच नाही!” साहेब गरजले.

“काका, पट्टी चांगली हाय, तुमचा बोर्डच वाचंना गेलाय,” दुरुस्तीचा पोऱ्या म्हणाला.

त्या पोऱ्याने केलेला खुलासा कोणाही मामलेदाराने टिपून ठेवावा असा होता. पट्टीवर चिपा आठच, पण प्रत्येक २५६ मेगाबिटची. बोर्डाची नजर १२८ मेगाबिटपलीकडे पोचत नाही, म्हणून प्रत्येक चिप तो निम्मीच वाचतो. तेवढाच ऐवज १२८ मेगाबिटच्या सोळा चिपांत, पट्टीच्या दोन्ही अंगांना वाटून आलेला असता, तर त्याने तो बिनतक्रार दाखल करून घेतला असता.

साहेबांचा चेहरा उजळला. “म्हणजे ही आणेवारी आहे! सोळाला सोळा आणे, आठाला आठ आणे. पण बरोबर पन्नास पैसे पीक आलं, तर सूट मागायची कशी?”

तेव्हापासून खिशात भिंग बाळगून ते स्टेशन रस्त्यावरची दुकाने पालथी घालू लागले. एका उत्साही विक्रेत्याने डीडीआरची पट्टी पुढे केली, तेव्हा तिला एकच खाच आणि दात १८४, आपल्या बोर्डाला हव्यात खाचा दोन आणि दात १६८, हे त्यांनी एखाद्या बनावट खरेदीखतातली चूक दाखवावी तशा थंड स्वरात दाखवून दिले. (त्या विक्रेत्याचे नंतरचे मत येथे नोंदण्याजोगे नाही.) अखेर एका भंगारवाल्याकडे, किलोवर तोललेल्या ढिगात, सोळा चिपांची पट्टी सापडली. साहेबांनी त्या तीनदा मोजल्या.

पट्टी बसवण्याच्या मुहूर्तावर आम्हा शेजाऱ्यांना पोह्यांसह पाचारण झाले. एस्केपचे बटण दाबले की ही मोजणी टळते, असे पोऱ्या सुचवू लागताच साहेबांनी त्याचा हात धरला. मोजणी टाळणे त्यांच्या रक्तात नव्हते. आकडा १३१०७२ ओलांडून गेला, १९६६०८ हे जुने शल्य मागे पडले, २६२१४४ दिसला, सर्वांनी श्वास रोखला, आणि गल्लीतली वीज गेली.

अंधारात क्षणभर कोणी बोलेना. मग पोह्यांची बशी चाचपडत साहेब शांतपणे म्हणाले, “बसा. वीज आली की फेरमोजणी.”